घरी येणाऱ्या बाई

न बोलावता कोणाच्याही घरात शिरावं आणि वर घरच्यांनीच "इतके दिवस होतात कुठे?" असं विचारावं, हे भाग्य मी आजवर फक्त मांजरांना आणि आमच्या शाळेच्या समाजसेविका बाईंना लाभलेलं पाहिलं आहे. मांजराला निदान दुधाची लालूच असते. बाईंना कशाची होती, ते तीन वर्षं त्यांच्याबरोबर काम करूनही मला सांगता येणार नाही. आमच्या पोरांनी शाळेतल्या बायांचे सरळ दोन भाग पाडले होते. एक शिकवणाऱ्या बाई आणि दुसऱ्या घरी येणाऱ्या बाई. पहिल्या पुष्कळ होत्या. दुसऱ्या एकट्याच होत्या, आणि त्या पापडी गावाहून स्कूटरवरून यायच्या.

मी विरार पूर्वेला, फुलपाड्याच्या जरा पलीकडे असलेल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेचा मुख्याध्यापक. मूळचा कोकणातला, राहायला नायगावला आणि स्वभावाने काळजीखोर. पाऊस आला की छपराची काळजी, नाही आला की टाकीची. बाईंच्या बाबतीत तर काळजीला आयतंच कारण मिळालं होतं. आमच्याकडे खडू सरकारी, फळा सरकारी, खिचडीचा तांदूळ सरकारी आणि मी स्वतः नखशिखांत सरकारी. पण पोरगं चार दिवस का आलं नाही हे बघायला जाणारं माणूस मात्र मुंबईतल्या एका संस्थेच्या मर्जीवर. बाईंचा पगार ती संस्था द्यायची. मुदत तीन वर्षांची, गेल्या मार्चला संपणारी, आणि पुढे वाढवायची की नाही हे संस्था कागद बघून ठरवणार होती. हे मला पहिल्याच दिवशी कळलं आणि त्याच दिवसापासून मी तीन वर्षांनंतरच्या मार्चची काळजी करायला लागलो. बाईंनी मात्र स्वतःची सगळी काळजी माझ्या अंगावर टाकून दिली. म्हणाल्या, "सर, तुम्ही करताय ना? मग दोघांनी कशाला करायची?"

आल्या आल्या त्यांचा पहिला घोळ झाला तो हुद्द्याच्या नावावरून. आमच्या भागात समाजसेवक म्हणजे चौकातल्या बॅनरवर हात जोडून उभा असलेला माणूस. वाढदिवस, दहीहंडी, गटाराचं उद्घाटन, कशाचाही बॅनर असो, खाली पंधरा चेहरे आणि प्रत्येकाच्या नावापुढे 'समाजसेवक'. त्यामुळे बाईंच्या दारावर पाटी लागताच आठवड्याभरात एक गृहस्थ तक्रार घेऊन हजर. "ताई, आमच्या गल्लीतलं गटार तुंबलंय. तुम्ही कुठल्या पार्टीच्या?" मी मध्ये पडणार तोच बाईंनी विचारलं, "तुमची पोरगी तिसरीत ना? ती गटार ओलांडून येते काय?" "उडी मारून येते." "मग चला." आणि गेल्या की त्याच्याबरोबर वॉर्ड ऑफिसला! गटार साफ झालं. पुढचा महिनाभर रेशनकार्ड, मीटर, पाणी, सगळ्याच्या तक्रारी माझ्या शाळेत येत राहिल्या. निवडणुकीला उभ्या राहणार का, असं मला दोघा-तिघांनी खासगीत विचारलंही. ही अफवा संस्थेच्या कानावर जाईल या भीतीने माझं पित्त खवळलं.

पोषण आहाराच्या तांदळाची पोती हलवून, चुना मारून मी त्यांना स्वतंत्र खोली करून दिली होती. तिच्यावर 'समुपदेशन कक्ष' अशी पाटी मी स्वतः रंगवून घेतली. बाई त्या खोलीत तीन वर्षांत फक्त छत्री ठेवायला गेल्या. त्यांचं म्हणणं असं, की त्या दारातून आत गेलं की पोरांना वाटतं, आपल्यात काहीतरी बिघडलंय. त्या बसायच्या पाण्याच्या नळांशेजारच्या पायरीवर. पोरं ओंजळीने पाणी प्यायची, तोंड पुसायची आणि पुसता पुसता दोन वाक्यं बोलून जायची. कोणाचा बाप परत आला, कोणाची आई गावाला गेली, कोणाला घरी झोपायला भीती वाटते, हे सगळं त्या नळावर कळायचं. एखादं पोर दिवसातून नऊ वेळा पाणी प्यायला आलं, की बाई समजायच्या की याला तहान लागलेली नाही. शिक्षक मात्र कुरकुरायचे, "बाईंमुळे पोरांची लघवी वाढली."

हजेरी घेण्याची त्यांची रीतही जगावेगळी. सकाळी वर्गाच्या दारात उभ्या राहून विचारायच्या, "आज कोण नाही?" आलेल्या पोरांशी त्यांना जणू कर्तव्यच नव्हतं. न आलेल्यांची नावं हाताच्या तळव्यावर पेनाने लिहायची आणि दहाच्या ठोक्याला स्कूटरला किक मारायची. एकदा पाहुणे म्हणून आलेल्या साहेबांनी कौतुकाने हात पुढे केला, तेव्हा बाईंनी दोन्ही हात मागे घेतले. साहेब चमकले. मी घाम पुसत खुलासा केला, की साहेब, त्यांच्या हातावर सहावी ब आहे.

पण खरी कमाल त्या कोणाच्या घरात शिरल्यावर व्हायची. शाळेतून आलेय, चौकशी करायची आहे, असं चुकूनही म्हणायच्या नाहीत. पिशवीत पापडीच्या वाडीतली अळूची पानं असायची. ती त्या घरच्या बाईपुढे ठेवायच्या आणि अगदी रडवेल्या चेहऱ्याने म्हणायच्या, "आमच्यात अळूवडी जमत नाही हो कोणाला. जरा दाखवता?" शाळेतल्या बाईला आपण काही शिकवायचं म्हटल्यावर समोरची बाई लगेच पदर खोचायची. पानांच्या शिरा काढता काढता गोष्ट तिखटावरून चिंचेवर, चिंचेवरून सासूवर आणि सासूवरून पोरीच्या शाळेवर यायची. पीठ पानाला लावून होईपर्यंत बाईंना सगळं घर कळलेलं असायचं. विरार पूर्वेच्या निदान तीस घरांनी त्यांना अळूवडी शिकवली असेल. एकदा पालकसभेत दोन आया शेजारी बसल्या आणि बाईंना अळूवडी आपण शिकवली यावरून त्यांचं असं जुंपलं, की गुळाच्या प्रमाणावर मला मुख्याध्यापक म्हणून निर्णय द्यावा लागला. सभेचा विषय स्वच्छतागृह हा होता.

रागावायच्याही. बाप दारू पिऊन आडवा आला किंवा एखाद्या शिक्षकाने पोरावर हात उगारला, की बाईंची शुद्ध मराठी सुटायची आणि पापडीची त्यांच्या घरची बोली सुरू व्हायची. त्यातलं आम्हाला निम्मं कळायचं नाही, त्यामुळे अपमानही निम्माच व्हायचा. रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाली की देवासमोर सगळ्या शिव्यांचा हिशेब देऊन येते, असं त्या सोमवारी सांगायच्या, आणि मंगळवारपर्यंत पुन्हा नवा साठा तयार असायचा.

हे सगळं मी हसत सांगतोय, पण तेव्हा हसत नव्हतो. कारण संस्थेचा एक फॉर्म होता. प्रत्येक पोराची एक केस, प्रत्येक केसला एक पान आणि पानाच्या तळाशी एक रिकामी चौकट, तिच्यात 'चालू' किंवा 'बंद' लिहायचं. संस्थेचे एक तरुण साहेब दर तिमाहीला यायचे, फार सभ्य मुलगा, आणि पानं उलटून दर वेळी एकच विचारायचे, "मॅडम, एकही केस क्लोज का नाही?" बाईंनी तीन वर्षांत एकाही पानावर 'बंद' लिहिलं नव्हतं. एक्केचाळीस पोरं, एक्केचाळीस चालू. त्यातली बहुतेक रोज शाळेत येत होती, काही तर पाढे म्हणत होती. मी बाईंना सांगून थकलो. "अहो, पोरगं शाळेत आलं, प्रश्न मिटला. लिहा बंद." त्या म्हणायच्या, "सर, दुकान बंद होतं. माणूस कसा बंद करायचा? उद्या त्याचा बाप पुन्हा बाटली घेऊन बसला, तर मी काय सांगू, की तुझं पान मिटलंय?"

त्यातून मनीषाचं पान तर सगळ्यांत जाडजूड. तेव्हा सहावीतली पोरगी, डोक्याने तल्लख. बाप गवंडीकामावर दूर कुठेतरी, आई टॉवरमध्ये धुणंभांडी करणारी, घरात धाकटा भाऊ. सुरतेला राहणारा मामा दर दोन-चार महिन्यांनी यायचा आणि म्हणायचा, पोरगी मोठी झाली, शाळेत काय ठेवलंय, सुरतेला एका घरी कामाला लावतो. बाईंनी धाकट्याला अंगणवाडीत घातला, आईला समजावलं, मामाला तीन वेळा परतवला. दोनदा मनीषाची शाळा सुटली होती आणि दोनदा त्यांनी तिला परत आणली होती. आई म्हणायची, "बाई हाईत तवर माझी पोर हितं हाय." हे वाक्य बाईंनी मला सांगितलं तेव्हा मी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. मार्च यायला तेव्हा चार महिने होते.

मी गप्प बसलो नव्हतो. संस्थेने हात काढला तर दुसरं कोणी उभं राहील का म्हणून दारोदार हिंडलो. शाळा व्यवस्थापन समितीपुढे विषय ठेवला. एका बिल्डरकडे गेलो, एका सराफाकडे गेलो, दोन माजी विद्यार्थ्यांकडे गेलो. माणसं वाईट नव्हती. प्रत्येकजण काहीतरी द्यायला तयार होता. एकाला गेट द्यायचं होतं, एकाला थंड पाण्याचं यंत्र, एकाला सरस्वतीची मूर्ती. बाईंचा पगार म्हटलं की मात्र चेहरे पडायचे. शेवटी सराफाने खरं काय ते बोलून दाखवलं. "सर, गेटवर वडिलांचं नाव टाकता येतं. बाईंवर कुठे टाकणार?" मला हसू आलं नाही. घरी येऊन पित्ताची गोळी घेतली. वरिष्ठांना तीन पत्रं धाडली. त्यांची पोच आली, उत्तर आलं नाही.

आणि मग फेब्रुवारीतल्या एका शनिवारी माझ्या हातून ते झालं. त्या पानांची नोंदवही सोमवारपर्यंत संस्थेकडे पोहोचायची होती. बाईंनी ती माझ्या टेबलावर ठेवली. "तुम्हीच पाठवून द्या सर. मनीषाचा मामा आलाय म्हणतात, त्याला गाठायचंय." त्या गेल्या. शाळा सुटली होती, शिपाईही गेला होता. मी वही उघडली. चालू, चालू, चालू. सभ्य मुलाचा नाराज चेहरा दिसायला लागला. तीस वर्षं खोटी सही न केलेल्या माणसाने पेन उघडलं आणि पहिल्या पानावर 'चालू'वर काट मारून 'बंद' लिहिलं. बाई अनुस्वार टिकलीसारखा गोल काढायच्या, तसाच काढला. पहिले दोन जरा वाकडे आले, पुढचे छान जमले. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस बंद केल्या. मनीषाचं पान आलं तेव्हा थांबलो होतो. पण एकच चालू ठेवली तर संशय येईल असं वाटलं, म्हणून तीही केली.

मार्चमध्ये संस्थेचं पत्र आलं. पत्राबरोबर काचेच्या चौकटीतलं एक प्रशस्तिपत्र होतं. तीन वर्षांत शंभर टक्के केसेस यशस्वीरीत्या बंद केल्याबद्दल आमच्या शाळेचं हार्दिक अभिनंदन. आपल्या शाळेची गरज पूर्ण झाली असल्याने समाजसेविकेची जागा एप्रिलपासून नायगावच्या खाडीकडच्या एका शाळेला देण्यात येत आहे. तिथल्या पोरांना गरज नव्हती असं नाही. ती शाळा मी जातायेता बघतो. पण बाई एकच होत्या, आणि त्यांना इथून उचलून तिथे ठेवायचं कारण माझ्या हस्ताक्षरात होतं. मी ते पत्र इतक्या वेळा वाचलं, की त्यातला 'हार्दिक' हा शब्द मला आजही सहन होत नाही.

बाईंना सांगायला दोन दिवस लागले. नळाजवळच्या पायरीवर त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. मुख्याध्यापक तिथे बसलेला पाहून पोरं पाणी न पिताच परत गेली. मी सगळं सांगितलं. त्या आधी खो खो हसल्या. "सर, माझ्यासाठी अजून माझ्या नवऱ्यानंही खोटं लिहिलं नाही हो!" मलाही जरा धीर आला, मीही हसलो. मग त्यांनी हळूच विचारलं, "मनीषाची पण?"

"हो," मी म्हणालो.

 बाईंनी पापडीच्या बोलीत चार शिव्या दिल्या असत्या तर मी आनंदाने घेतल्या असत्या. त्यांनी फक्त हातावरची नावं वाचली, स्कूटरची किल्ली उचलली आणि निघून गेल्या. एप्रिलमध्ये त्या नायगावला रुजू झाल्या. निरोप समारंभ ठेवू का विचारलं, तर म्हणाल्या, "नको. पोरांना वाटेल मी मेले."

मग मी संस्थेला एक पत्र लिहिलं. आमच्या सर्व केसेस चालू आहेत, 'बंद' हे शब्द मी लिहिले, बाईंचा त्यात काहीही दोष नाही. निवृत्तीला वर्ष उरलेल्या माणसाने असलं पत्र लिहू नये असं बायको म्हणाली, आणि मग तिनेच ते कुरिअरला नेऊन दिलं. सभ्य मुलाचा फोन आला. "सर, तुम्ही तेव्हा खोटं लिहिलंत की आता लिहिताय?" म्हटलं, "तेव्हा." त्याने ते लिहून घेतल्यासारखं वाटलं. मग म्हणाला, "बैठकीत ठेवतो." ती बैठक अजून व्हायची आहे. चौकशी लागेल, पेन्शन अडकेल, बाईंनाच नायगावहूनही काढतील, यातली प्रत्येक काळजी मी वाराप्रमाणे आलटून पालटून करतो.

जूनमध्ये शाळा उघडली. बाईंचा दररोज साडेपाचला फोन येतो. नायगावच्या शाळेचं काम उरकून, स्कूटर कुठेतरी कडेला लावून त्या विचारतात, "सर, आज कोण नाही?" मी कागद बघून नावं वाचतो. त्या एकेकाचं घर कुठे, कोणाशी बोलायचं, काय विचारायचं नाही, ते सांगतात. मी लिहून घेतो. इतके दिवस मी ते फक्त लिहूनच घेत होतो.

परवा त्यांनी विचारलं आणि मी यादी वाचली. शेवटचं नाव वाचायला जीभ रेटेना. म्हटलं, "मनीषा. तीन दिवस झाले."  बाई म्हणाल्या, "आणि सर, तुम्ही अजून शाळेतच बसलायत?"

मी उठलो. चपला उलट्या घातल्या होत्या हे अर्ध्या वाटेवर लक्षात आलं. तीस वर्षं या भागात नोकरी केली, पण एकाही पोराच्या घराचा उंबरा मी पाहिला नव्हता. पत्ता विचारत विचारत चाळीत पोहोचलो. दार उघडं होतं. आत जमिनीवर एक पत्र्याची पेटी अर्धी भरलेली दिसली, सुरतेला निघाल्यासारखी. मनीषाची आई बाहेर आली. मला बघून तिने पदर सावरला, माझ्या मागे गल्लीत दूरपर्यंत नजर टाकली.

"बाई नाय आल्या?"

"नाही," मी म्हणालो. "मीच आलोय. मी शाळेतला... मोठा सर."

 बाईंनी आत्ता काय विचारलं असतं, काहीच आठवेना. तिने मला पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं. मग आतल्या पडद्याकडे वळून म्हणाली, "थांबा हितं. बाईंच्या जागी तुमी चालाल का, ते पोरीला इचारते."

आणि मी दारात उभा राहिलो.